पहारीचं टोक

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळही पडला होता. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि सकाळी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहायचो. रांगेला लागूनच एका लोहाराची भट्टी होती. सगळे त्याला चाचा म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. विहिरी खोदायच्या पहारी टोक लावायला त्याच्याकडंच यायच्या, म्हणून पाणी घेऊन परतणारी प्रत्येक बाई त्याच्या दगडी डोणीत तांब्याभर पाणी ओतून जायची.

पहारीचं लालभडक टोक तो पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून दगडावर घासायचा आणि मागच्या तापलेल्या भागाची धग टोकाकडं सरकताना त्यावर चढणारा रंग मान तिरकी करून बघत बसायचा. आधी सोनेरी, मग जांभळा. जांभळा दिसला की पुन्हा बुडवायचा आणि एकटाच खूश व्हायचा.

एकदा एक गडी घाईघाईत पहिल्या बुडीतच आख्खी पहार गार करून घेऊन पळाला. दुसऱ्या दिवशी मोडकं टोक घेऊन हजर! चाचा खो खो हसला.

"आरं, आतल्यांला नीट बसायला येळ तर दे! एकदम गार केलं की ताठ बसतेत, मंग मोडतेत. जरा ऊब दिली की सैलावतेत."

मी चाटच पडलो. अणूंची मांडणी बदलली की धातूचा गुण बदलतो, हेच मी वर्गात शिकवत होतो.

"चाचा, आतलं कधी पाहिलंय?"

"न्हाई. तुमी?"

"नाही. पुस्तकात वाचलंय."

त्यानं टाळीसाठी कोळशानं काळा झालेला हात पुढं केला, मी टाळी दिली. "मंग आपुन दोघंबी न बघताच सांगायलोत की, सर!"

त्या दिवशी तासाला माझा खडू काळा झाला. मी हात धुतलाच नव्हता.