सावंतकाका उठले नाहीत

सावंतकाकांनी पहिल्याच दिवशी माझी बस चुकवली. मुक्ता तेव्हा वर्षाची होती. माझी बाळंतपणाची रजा, मग बिनपगारी रजा, सगळ्या रजा संपल्या होत्या, आणि आमच्या बोरिवलीच्या चाळीत दिवसभर घरी असणारं, धडधाकट आणि पोरांना न कंटाळणारं माणूस एकच होतं, समोरच्या खोलीतले सावंतकाका. संपानंतर त्यांची गिरणी काही उघडली नव्हती. पण पुरुषमाणूस माझं मूल सांभाळणार, हे काही मला पटत नव्हतं. मी मुक्ताला त्यांच्या हातात दिलं, दुधाची बाटली दिली, "जाते हं काका" म्हटलं आणि पटापट जिना उतरले. फाटकापर्यंत पोचते तोच वरून हाक आली, "ओ बाय! परत ये! परत ये आधी!"

मला वाटलं, पडली पोरगी. पदर कुठे, पर्स कुठे, अशी वर आले. मुक्ता त्यांच्या खांद्यावर बसून त्यांचे कान ओढत होती.

"काय म्हटलंस आता निघताना?" काकांनी विचारलं.

"जाते म्हटलं."

"तसा म्हणाचा नाय. येतंय म्हणाचा. म्हण."

आता सांगा, ऑफिसला उशीर झालेल्या बाईला हे कोणी ऐकवावं! जाताना 'येते' म्हणायचं, हे मलाही आईनं शिकवलं होतंच की. पण त्यासाठी कोणी जिना चढायला लावत नाही. झक मारत म्हटलं, "येते." तेव्हा कुठे ते हसले. "ये. सावकाश ये," म्हणाले. बस डोळ्यांदेखत गेली.

काका उंच, काटकुळे, कायम लेंगा आणि बनियनमध्ये. गिरणीतल्या यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे ते बोलायचे ते पलीकडच्या चाळीशी बोलल्यासारखे. अंगाईसुद्धा ओरडून म्हणायचे, आणि गंमत म्हणजे पोरं त्या आरडाओरड्यात गाढ झोपायची. मुक्ताच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या शुभांगीनं आपली दोघं, बंटी आणि सोनू, त्यांच्याकडे ठेवायला सुरुवात केली. मी दुधाच्या वेळा सांगायला लागले की काका हात झटकायचे, "पोराक घड्याळ नसता गो, भूक आसता." एखादं पोर भोकाड पसरून बसलं की बाकीच्या बायका "अले अले" करत धावायच्या. काका म्हणायचे, "रडांदे. रडल्यान कोण मरना नाय, गप ऱ्हवल्यान मरता." आणि पोर रडून संपेपर्यंत शेजारी बसून राहायचे.

गप राहण्याचं त्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा विजय संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातून गेला होता. वीस वर्षांचा पोरगा. कुठल्याशा कारखान्यात नोकरी धरतो म्हणाला, तर काका म्हणाले, आम्ही सगळे संपावर आणि माझाच झील दुसऱ्या मालकाच्या दारात उभा राहणार काय? त्यावरून बापलेकांत वाजलं. दोघंही तोंड फुगवून तीन दिवस एका खोलीत राहिले आणि चौथ्या दिवशी विजय पिशवी घेऊन निघाला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. काकी गावी, कणकवलीच्या बाजूला, घर आणि चार माड राखून होत्या. दर वर्षी गणपतीनंतर येऊन त्या काकांना गावी चला म्हणून विनवायच्या. आम्हीही सांगायचो. मी तर सगळ्यांत जास्त. "काका, इथे आहे काय आता? गावी स्वतःचं घर आहे, काकी एकट्या आहेत." ते "बघूया" म्हणायचे आणि दाराशी बसून राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मुंबई सुटत नाही. कधीकधी रागही यायचा.

त्या वर्षी गोराईच्या खाडीपलीकडे पाळण्यांचं आणि खेळांचं मोठं उद्यान नुकतंच सुरू झालं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आमच्या पोरांना ते कळण्याचं वय नव्हतं, मुक्ता जेमतेम अडीच वर्षांची, पण हौस आम्हालाच. मी आणि शुभांगीनं मे महिन्यात एक दिवस रजा टाकली आणि काकांच्या मागे लागलो, तुम्ही पण चला. हा माणूस चाळ सोडून दुधाच्या केंद्रापलीकडे गेलेला मी पाहिला नव्हता. नाही नाही म्हणत शेवटी तयार झाले ते पोरांसाठी. पण निघताना, त्या दिवशी सुट्टी असलेल्या तळमजल्यावरच्या पेडणेकरांना वर बोलावून आपल्या दारात खुर्चीवर बसवलं. "कोण इलो तर बसव त्याका. चाय कर. मी सांजेक येतंय." पेडणेकर बिचारे पेपर घेऊन बसले. कोण येणार, हे विचारायचं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

मे महिन्यात लहान पोरांना घेऊन असल्या ठिकाणी जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण! खाडीतून जायला लाँच होती. ती पोरांना इतकी आवडली, की हेच ते उद्यान असं समजून पलीकडे उतरायलाच तयार होईनात. सोनूनं तर कठड्याला मिठीच मारली. आत गेलो तर जिथे जावं तिथे विदूषकाचं चित्र, हात आडवा धरलेला, त्याच्या हातापेक्षा बुटक्यांना प्रवेश नाही. आमची तिन्ही त्याच्या गुडघ्याएवढी. मुक्ता विदूषकाला बघूनच किंचाळली. राहता राहिले गोल फिरणारे घोडे, तर ते उन्हानं असे तापलेले की बसवलं की पोर टुणकन वर. काकांनी आपला पंचा नळाखाली भिजवला आणि एकेका घोड्यावर घातला, तेव्हा कुठे एकेक फेरी झाली. आणि मग तिघांनाही तो नळच सापडला. त्या अख्ख्या उद्यानात त्यांना आवडलेली गोष्ट एकच, पाणी प्यायचा नळ.

"काय गं हे," शुभांगी म्हणाली, "आपल्या मोरीत नळ नाहीये का?"

काका खूश होते. "तुमीच जावा गो त्या मोठ्या पाळण्यात. पोरांका खय होयो पाळणो? तुमकाच होयो."

दुपारी एका झाडाखाली चादर टाकली. काकांनी डब्यातून पेज आणली होती, मीठ घातलेली. उन्हात पोरांना दुसरं काही द्यायचं नाही, हा त्यांचा हुकूम. पेज पिऊन बंटी आणि सोनू काकांच्या दोन मांड्यांवर झोपले. काकांनीही खोडाला पाठ टेकून डोळे मिटले. शुभांगी आडवी झाली. माझेही डोळे जड झाले होते. तेवढ्यात मागून मुक्ताचा आवाज आला, "आई, येते हं."

मी डोळेही न उघडता म्हटलं, "ये गं बाई, ये."

मला वाटलं, माझ्या कुशीत येतेय. एवढंच. दोन क्षणांनी हात लांब केला तर चादरीवर कोणी नाही. उठून बसले. झाडामागे नाही, नळाशी नाही. तेव्हा डोक्यात लख्ख झालं, की कार्टी येत नव्हती, निघाली होती! काकांनी शिकवलं होतं तसं नीट सांगून, निरोप घेऊन निघाली होती, आणि मी तिला तोंड भरून 'ये' म्हटलं होतं.

मी काय ओरडले मला आठवत नाही. शुभांगी धडपडत उठली आणि घोड्यांकडे पळाली. मी काकांना गदागदा हलवलं, "काका, मुक्ता गेली! उठा, उठा ना!"

काका जागे झाले. चेहरा पांढराफटक पडला, पण ते उठेनात.

"काय म्हणाली ती जाताना?"

"अहो, काय म्हणाली काय विचारताय? येते म्हणाली! उठा आधी, तिकडे तळं आहे!"

"येतंय म्हणाली मां? मग मी हय बसतंय. तू जा, बघ. ती परत इली आणि हय कोणच नसला तर?"

मला इतका संताप आला, सांगू! माझं पोर हरवलंय आणि हा माणूस बूड हलवत नाही! जे तोंडाला आलं ते बोलले. म्हातारे झालात, जमत नव्हतं तर पोरं घेतलीत कशाला, असलंही काहीतरी बोलले. आणि पळत सुटले. ते ऊन, ती लाऊडस्पीकरवरची गाणी, ती गर्दी. प्रत्येक पिवळा फ्रॉक मला मुक्ताचा वाटत होता. तळ्यापाशी गेले, तिथल्या रखवालदाराला हातापाया पडून विचारलं, पाण्यात बघत राहिले. आणि या सगळ्यात लांबून एक भसाडा आवाज येतच होता. काका गात होते. झाडाखाली बसून, दोन झोपलेली पोरं मांडीवर घेऊन, घसा फाडून, "मुक्ता येतली गो, बाय येतली! हय बसलंय गो, हय बसलंय!" लोक हसत असतील. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

पुन्हा एकदा तो आवाज आला आणि मध्येच थांबला.

मी धावत परत आले तेव्हा मुक्ता काकांच्या पोटाशी होती. नखशिखान्त भिजलेली, चिखलानं माखलेली, एका पायात सँडल नाही. कुंपणाशी झाडांना पाणी घालणाऱ्या बाईचा रबरी पाइप तिला सापडला होता. ती बाई मागोमाग आली होती. तिनं सांगितलं, "मी विचारलं कोणाची तू, तर बोलेचना. मग ह्या बाबांचा आवाज आला आणि 'काका' म्हणून पळालीच. मला वाट दाखवायला लागली नाही." माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच फतकल मारून ढसाढसा रडले. मुक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, "आले ना." आधी एक रट्टा द्यावासा वाटला, मग तिला सोडवेना.

थोड्या वेळानं काकांनी मला द्यायला पाण्याची बाटली घेतली. त्यांना झाकण उघडता येईना. मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. ते तिसरीकडेच बघत म्हणाले, आयुष्यात एकदाच हळू आवाजात म्हणाले, "विजू पण येतंय म्हणानच गेलो."

शुभांगी परत आली, पोरं उठली, पसारा आवरला, आम्ही लाँचवर चढलो. लाँचवर मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी ऐकू येत नसल्यासारखं केलं आणि सोनूला बगळा दाखवत बसले. चाळीत पोचल्यावर जिन्यातूनच त्यांनी पेडणेकरांना हाक मारली, "कोण इल्लो?" पेडणेकर म्हणाले, "कोण नाय." काका "बरा," म्हणाले आणि पेडणेकरांच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवसानंतर मी त्यांना गावी जा म्हटलं नाही. काकींनाही सांगितलं, म्हणू नका. त्या म्हणाल्या, "माका म्हायत आसा गो. पण माजोय जीव एकटो ऱ्हवणा नाय."

पुढच्या थंडीत काकांच्या छातीनं उचल खाल्ली. कापसाची धूळ वर्षानुवर्षं आत गेलेली, श्वास घेताना शिट्टी वाजायची. एका सकाळी ते निळे पडले. माझ्या नवऱ्यानं टॅक्सी आणली, दोघातिघांनी धरून उचललं, तर काकांनी दाराची चौकट धरली आणि सोडेनात. बोलता येत नव्हतं, तरी बोलले, "हय कोण बसतला?"

पेडणेकर कामावर गेले होते. मी म्हटलं, "मी बसते काका."

"हापिस?"

"गेलं खड्ड्यात ऑफिस. मी बसते. तुम्ही बरे होऊन या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग चौकट सोडली.

तो दिवस मी त्यांच्या दारात बसले, रात्री नवऱ्याचा भाऊ बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मी. काकींना तार केली होती. मुक्ता माझ्या पायाशी खेळत होती. आधी वाटलं होतं, म्हाताऱ्याच्या समाधानासाठी बसायचं, एवढंच. पण जिन्यात पाऊल वाजलं की माझी मान आपोआप वर जाऊ लागली. कधी इस्त्रीवाला, कधी गॅसवाला, कधी शुभांगी चहा घेऊन. दुपारपर्यंत मी विजयशी काय बोलायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आधी चांगली एक कानाखाली द्यायची, मग पाणी, मग सांगायचं, पळ, हॉस्पिटलमध्ये पळ, बोलत बसू नकोस. घरात साखर आहे का तेही बघून आले. सात वर्षं हा माणूस इथे बसून हीच वाट बघत होता, आणि पोरं तर त्यानं बसल्या बसल्या नुसती मांडीवर घेतली होती.

उन्हं उतरताना पुन्हा पावलं वाजली. दमदार, तरण्या माणसाची, पायऱ्या सोडत येणारी. मी उठून उभीच राहिले. नवरा होता. तो वरच्या पायरीवर थांबला आणि त्यानं नुसती मान हलवली. मुक्ता धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली, "काका आले?" म्हणून विचारू लागली. त्यानं तिला उचलून घेतलं.

मग तो म्हणाला, "चल. दार लाव. लोकांना कळवायला हवं, तयारी करायला हवी."

मी पुन्हा खुर्चीत बसले.

"तू कर तयारी," मी म्हटलं. "विजय वाटेत असेल."