पावणेदोनशे किलोंचं घर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याइतका वजनाचा ध्यास घेतलेला माणूस मुलुंडमध्येच काय, अख्ख्या मुंबईत झाला नसेल. भांडुपच्या कारखान्यात फिटर असलेल्या या गृहस्थाने ऐंशीच्या दशकात, जेव्हा लोक सुट्टीला फार तर नातेवाइकांकडे जात, तेव्हा मोटारीमागे ओढायचा राहता ट्रेलर घ्यायचं ठरवलं. कारण त्याची आई. तिचं माहेर मनोरीचं. तिथलं घर विकलेलं, भाऊ उरलेले नाहीत. म्हातारीला तिथे एक रात्र काढायची होती, पण "माहेरात पावनी म्हनून कोनाच्या घरात नाय जायाची" हा तिचा हट्ट. तंबूत झोपवावं तर गुडघे धड नाहीत. "मग घरच ओढून नेऊ," तो म्हणाला.

त्याची जुनी मोटार अशक्त, म्हणून ट्रेलर हलका हवा. कुर्ल्याच्या भंगारबाजारात एक भक्कम लोखंडी ट्रेलर मिळत होता. चौघांनी ओढला, हलला नाही. नापास. शेवटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, ताडपत्रीच्या छपराचा सापडला. भंगारवाल्याच्या काट्यावर भरला एकशे पंच्याहत्तर किलो. तरी त्याने बायकोला तो आवारात ओढून बघायला लावला. "अहो, मी काय बैल हाय?" ती ओरडली, पण ट्रेलर हलला. पास! मग त्याने कपाटांची दारं काढली, स्टोव्हचं स्टँड काढलं, मुलांच्या टूथब्रशांचे दांडे अर्धे कापले. वीस ग्रॅम वाचले म्हणून मला हाक मारून दाखवले. मी वजन केलं, दहाच भरले.

निघताना मदतीला म्हणून त्याने मलाही मोटारीत घेतलं. मार्वेहून खाडीपार मनोरीला नेणाऱ्या तरीवर, म्हणजे होडीवर, ट्रेलर चढेना, म्हणून भाईंदरवरून वळसा घेतला. उत्तनच्या अलीकडे चढावर मोटार थांबली. ट्रेलर उघडला तर पलंगाखाली गोधडीत गुंडाळलेला पाटा-वरवंटा! अठरा किलो तरी असेल.

"आई, हे काय गं?"

"पाट्याबिगर कसला रं घर?"

"इथेच कुणाकडे ठेवा, परत जाताना घेऊ," बायको म्हणाली. मीही मान डोलावली. त्याने पाट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"पाटा राहील. आपण उतरू."

म्हातारी तेवढी आत बसली. तो स्टिअरिंगला, आणि त्याची बायको, दोन मुलं नि मी, अशा चौघांनी तो चढ ढकलत पार केला. माझी चप्पल तुटली. "ढकल रे, बोलू नकोस," एवढंच त्याचं सांत्वन.

मनोरीला सुरूच्या झाडांखाली ट्रेलर उभा राहिला. म्हातारीने पायरीशी पाटा मांडला आणि मसाला वाटायला घेतला. थोड्या वेळाने वाटेवरून जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या थबकल्या.

"कोन गो ती?"

"मीच. इसरलीस काय? ये, बस. आपलाच घर हाय."

त्या पायरीवर टेकल्या. संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा तिने दोघींच्या हातात कालवणाची वाटी दिली. रिकाम्या हाताने कुणाला जाऊ दिलं नाही. आमचा शेजारी मात्र आमच्याकडे पाठ करून, ट्रेलरच्या मागे वाकून एक स्क्रू आवळत राहिला होता. तो स्क्रू मी सकाळीच आवळला होता. तरी त्याला आवळू दिला.