झेल्फी मावशीचा एकशे सतरा क्रमांक

आमच्या मिसिसिपीत, कापसाच्या या सपाट मुलखात, झेल्फी मावशीने चाळीस वर्षं सुईणपण केलं. मला जगात तिनेच आणलं. मतदारयादीत नाव घालायला तिला कोर्टात नेलं ते माझ्याच ट्रकमधून. म्हणून हे सांगायचा हक्क माझा.

नाव घालण्याआधी परीक्षा असायची. तीन वेळा तिला नापास केलं. राज्यघटनेतलं एखादं कलम पुढ्यात टाकायचे. उतरवून काढ, अर्थ लिही. गोऱ्यांना एका ओळीचं, आम्हा काळ्यांना वकिलालाही घाम फुटेल असं.

चौथ्या वेळी ती दीड तास लिहीत बसली. शेवटी सही केली, आणि सवयीने हात तसाच खाली गेला : सुईण, परवाना क्रमांक एकशे सतरा. प्रत्येक बाळाच्या जन्मदाखल्यावर ती हेच लिहीत आली होती.

कारकून हसला. "इथे काय बाळ जन्मलंय?"

"कळा तर कधीच्या चालू आहेत, साहेब."

नापास. आणि तो क्रमांक कारकुनाने आरोग्य खात्याला कळवला. आठवड्याभरात बोलावणं आलं : सुईणपणाची बॅग तपासायला घेऊन ये.

काळी बॅग, आत पांढरं अस्तर. दर महिन्याला उकळून इस्त्री केलेलं. खात्यातली नर्सबाई मावशीच्या नातीच्या वयाची. तिने अस्तर उलटंसुलटं पाहिलं. एक डाग सापडला नाही.

"झेल्फी, तो मतदारयादीचा अर्ज मागे घे. नाहीतर बॅग आणि परवाना इथे ठेव."

"ल्युरीनचे दिवस भरलेत, बाई. तेवढी मोकळी होऊ द्या."

"आज सांग."

मावशी बराच वेळ अस्तराच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग कात्री, ब्रश, एप्रन एकेक करून टेबलावर मांडलं.

"कात्री बोथट झालीय," ती म्हणाली. "धार लावून घ्या. पुढे जी येईल तिचे हाल नकोत."

ट्रकमध्ये मी म्हणालो, "मावशी, अर्ज मागे घेतला असतास तर कुणी बोललं नसतं."

"मी बोलले असते. गप गाडी हाक. पाय दुखतायत."

ल्युरीनला तीस मैलांवरच्या दवाखान्यात मीच पोहोचवलं. निघताना मावशी ल्युरीनच्या ओसरीवर उभी होती. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. असल्या वेळी ते हात रिकामे मी प्रथमच पाहिले.

दोन वर्षांनी मतदानाच्या हक्काचा कायदा आला, परीक्षा गेली. ऑगस्टच्या उन्हात आम्ही चार तास रांगेत होतो. नाव, पत्ता, सही. सहीखाली मावशीचं पेन थांबलं. या वेळी ते सवयीने नव्हतं, मी चेहरा पाहत होतो. तिने सावकाश लिहिलं : सुईण, एकशे सतरा.

"याची गरज नव्हती, बाई," केंद्र सरकारने बाहेरून पाठवलेला साहेब म्हणाला.

"ठाऊक आहे."

बाहेर येऊन ती कोर्टाच्या पायरीवर बसली, बूट काढले.

"झालं ना गं, मावशी?"

"झालं. कळा संपल्या." तिने डोळे मिटले. "पोर कसंय ते उद्या बघू. आता बसू दे."