निमोण्याच्या भागूबाईंचा दगड

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मी एक दगड आठ दिवसांच्या बोलीवर मागून घेतला होता. तो परत द्यायला मला तीन महिने लागले... आणि त्या तीन महिन्यांत मी जेवढी घाबरले, तेवढी पुढं फार क्वचित घाबरले असेन.

गोष्ट साठ सालाच्या आसपासची. मी तेव्हा शिरूरला मिशनच्या शाळेत नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते. मायदेशी परत निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी जाताना मला काडेपेटीत कापूस घालून हरभऱ्याएवढा काळा खडा दिला. आकाशातून पडलेल्या उल्केचा तुकडा...

तेव्हापासून मला नादच लागला. असाच छंद असलेल्या लोकांना पत्रं लिहायची, अदलाबदल करायची. असे सहा तुकडे जमले होते, सगळे मिळून एका मुठीत मावतील एवढे.

भागूबाई आणि त्यांचे मालक बाजारात भाजी घेऊन बसायचे. पूर्वी मेंढरांमागं हिंडणारं घर, आता निमोण्यात शेती करून राहिलेलं. भाजीखालच्या फडक्याचं टोक उडू नये म्हणून भागूबाईंनी त्यावर पेरूएवढा एक काळा दगड ठेवला होता. मी सहज उचलला, तर हाताला भलताच जड लागला. उल्केत बहुधा लोखंड असतं, म्हणून पिशवीत दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असायचंच. ते जवळ नेलं, तर दोरा दगडाकडे कलला.

भागूबाईंनी सांगितलं ते असं. लग्न होऊन नुकत्याच आल्या होत्या, भर दुपारी माळावर मेंढरं राखत होत्या. आभाळ स्वच्छ, आणि एकदम गडगडाट झाला. थोड्या अंतरावर काहीतरी धप्पकन पडलं. जाऊन बघतात तर हा दगड... आणि हातात घेतला तर गार.

घरी कुणाचा विश्वास बसला नाही. आभाळातून पडला म्हणते आणि गार होता म्हणते, म्हणून सगळे हसले. तेव्हापासून त्या काहीही बोलल्या की दीर म्हणायचे, आला बघा आभाळातला दगड. घरी ठेवला तर कुणीतरी फेकून देईल, म्हणून त्या तो बरोबर घेऊनच हिंडायच्या.

असे दगड पडल्या पडल्या गार असू शकतात, हे मी वाचलं होतं. या बाईंनी ते कुठून वाचलं असणार?

मी तो आठ दिवसांसाठी मागितला. भागूबाईंनी फडक्याच्या टोकावर दुसरं काहीतरी ठेवलं आणि दगड माझ्या हातात दिला.

"फुडल्या बाजाराला आणा, बाई," त्या म्हणाल्या. "दाखवायला माज्याकडं दुसरं कायबी न्हाई."

आणि मी काय केलं? त्यांना न विचारता तो दगड रजिस्टर पार्सलनं कलकत्त्याला सरकारी भूगर्भ खात्याकडे तपासणीसाठी पाठवून दिला. त्यांचंच भलं होईल, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर तिथून येणारं पत्र मला माझ्या नावावर हवं होतं.

पुढच्या बाजारात मी अजून थोडे दिवस मागून घेतले. त्याच्या पुढच्या बाजाराला गेलेच नाही. पोहोच आली, मग काहीच नाही... दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी वर्ग सोडून दारात जायचे, आणि तो न थांबता पुढं निघून जायचा.

एके दिवशी भागूबाई निमोण्याहून चालत शाळेत आल्या. वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी विचारलं, कलकत्ता कुठं आलं? मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. शिरूरवर बोट ठेवून त्यांनी तिथून कलकत्त्यापर्यंत वीत टाकून बघितली.

"लई लांब हाय," त्या म्हणाल्या. मग जाताना, अगदी हळू, "तुमी इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले नसते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं...

शेवटी पार्सल आलं. मी उघडून बघितलं. दगडाचा एक कोपरा करवतीनं सरळ कापून काढलेला होता. सोबत इंग्रजीत चार ओळींचं पत्र.

रविवारी एसटीनं आणि पुढं पायी निमोण्याला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ करत होते. अंगणात भागूबाईंचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि त्यांचे भाऊ सुपारी कातरत बसले होते.

भागूबाईंनी दगड घेतला. कापलेल्या जागी आत धातूचे बारीक कण चमकत होते, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. कागदात काय लिहिलंय, एवढंच विचारलं.

मी मराठीत सांगितलं. हा दगड तपासला, तो आकाशातून पडलेला आहे यात शंका नाही, एक काप अभ्यासासाठी ठेवून घेतला आहे.

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"आणिक येकदा वाचा, बाई," भागूबाई म्हणाल्या. "जरा मोठ्यानं. यांना कमी ऐकू येतं."

आबांना चांगलं ऐकू येत होतं. मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून... आबा खाली मान घालून ऐकत होते. दीर उठून गोठ्याकडे निघून गेले.

कापलेल्या कोपऱ्याबद्दल भागूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी मला माफ केलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या भाकरीचे उपकार मी अजून विसरलेले नाही.