बस आधी

सारवलेल्या जमिनीवर उजव्या हाताचा पंजा दोनदा आपटायचा आणि म्हणायचा, "बस आधी." कोण आलंय, कशाला आलंय, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, काही विचारायचं नाही. धप धप. "बस आधी. बोलायचं ते पोटात गेल्यावर बोल." आश्रमात त्याला सगळे चाचा म्हणायचे. नाव मला माहीत आहे, पण ते लिहीत नाही. नावानं हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघायचा नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंतची. पण बायको गेल्यापासून घर इतकं गप झालंय की नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसलो. वाचणाऱ्यानं अक्षर बघू नये, माणूस बघावा.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. जामखेडच्या बाजूला, कुसळाशिवाय काही उगवत नाही अशा माळावर एका गुरुजींनी शाळेची नोकरी सोडून आश्रम काढला होता. आश्रम म्हटलं की तुम्हाला भगवी कापडं दिसतील. तसलं काही नव्हतं. बारा-पंधरा झोपड्या, मधोमध पत्र्याचं लांबडं स्वयंपाकघर, आणि त्याच्यापुढं कडुलिंब. मिळून राबायचं, मिळून खायचं. गावातली माणसं होती, गावकुसाबाहेरची होती, मुसलमान होते. नियम दोनच, पण कडक. चूल एकच पेटवायची, हा पहिला. आणि आपलं ताट आपण धुवायचं नाही, डाव्या हाताला बसलेल्याचं धुवायचं, हा दुसरा.

मी तिथं विहीर खणायला गेलो. सावत्र भावांनी घराबाहेर काढलं होतं, नवी बायको बरोबर, डोकं टेकायला जागा नाही. गुरुजी म्हणाले, "राहा. पण नियम पाळावे लागतील." मी हो म्हणालो. त्या दिवशी कोणी विहिरीत राहा म्हणालं असतं तरी हो म्हणालो असतो.

पहिल्या पंगतीला माझ्या डाव्या हाताला बसला तो माझाच विहिरीवरचा जोडीदार. गावकुसाबाहेरचा. सकाळभर आम्ही एका दोराला लटकून सुरुंगाची भोकं पाडत होतो, माझा जीव त्याच्या हातात होता, तेव्हा मला त्याची जात दिसली नाही. त्याचं उष्टं ताट हातात आलं तेव्हा दिसली. माझीच लाज सांगतोय, दुसऱ्याची नाही. डोळे मिटून धुतलं. तो बाजूला उभा राहून म्हणाला, "डोळं उघड गड्या, कडंला आमटी राह्यलीय." त्यानंतर मी डोळे उघडून धुवायला लागलो.

बायको मात्र पंगतीच्या तोंडाशीच अडली. नियम ऐकला आणि पदर सावरून माघारी फिरली. झोपडीमागं तीन दगड मांडले, काट्याकुट्या गोळा केल्या आणि चूल पेटवली.

"अगं, काढतील आपल्याला इथनं."

"काढू द्या. दुसऱ्याचं खरकटं धुवायला माझ्या बापानं मला दिली न्हाई."

आता चाचा. नगरच्या लष्करात गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये वीस वर्षं खानसामा होता. डबलरोटी काय, पुडिंग काय, पन्नास माणसांचा पुलाव काय, झोपेत करील. आश्रमात मटण नव्हतं, पण नुसत्या कांद्याचा असा रस्सा करायचा की मटणानं झक मारावी. एवढी चांगली नोकरी का सोडली, मी एकदा विचारलं. चुलीत फुंकर मारत म्हणाला, "वीस वर्षं टेबलाशेजारी उभा राह्यलो. रोज पन्नास तोंडं. येकानंबी म्हटलं न्हाई, खानसामा, बस. मग म्हटलं, चला, आता आपणच म्हणू."

असा हा माणूस, पण ज्वारीची भाकरी? राम राम. तव्यावर टाकली की नकाशा व्हायची. मधून नदी, कडेनं डोंगर. आम्ही तुकडे गोळा करून खायचो आणि गुरुजींच्या भीतीनं "छान" म्हणायचो.

एक दिवस चाचा परातीत पिठाचा गोळा घेऊन माझ्या झोपडीमागं गेला. नियम मोडणाऱ्या त्या चुलीपाशी.

"बेटी, माझी भाकरी का मोडती गं? तू सांग."

बायकोनं त्याला दोन हात लांब बसवलं. तो बसला. रागावला नाही, उलट आणखी हातभर मागं सरकला. तिनं लांबूनच परातीत डोकावलं.

"चाचा, हे कवा मळलं?"

"सकाळीच. चाळीस माणसांचं. वर ओलं फडकं टाकून ठेवलंय."

"आगं आई गं! पाव हाय का तो? भाकरीचं येकेकीपुरतं मळायचं. मळायचं, थापायचं, टाकायचं. थांबलं की गेलं."

"चाळीस डाव मळू?"

"मग? जेवनारी तोंडं चाळीस हायती ना?"

चाचा विचारात पडला. वीस वर्षं त्यानं एकदम मळलं होतं. एकेका माणसापुरतं पीठ मळायचं असतं हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत आला. परत सगळं मळून आणलेलं. "काय करू, हात लष्करी हाय," म्हणाला. ती हसली. माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. असं पंधरा-वीस दिवस चाललं. तो रोज बोटभर पुढं सरकत होता की ती सरकू देत होती, मला कळलं नाही. पण एका सकाळी तिनं त्याच्या हातातली परात ओढून घेतली. "सरा तिकडं! बघवत न्हाई." आणि सगळ्या पंगतीच्या भाकऱ्या तिनं तिच्या चुलीवर केल्या. आम्ही खाल्ल्या. एकीचाही नकाशा झाला नव्हता. पण ती स्वतः पंगतीला आली नाही.

लोक पुढं म्हणायचे, चाचा मुद्दाम भाकरी बिघडवायचा, तिला ओढायला. साफ खोटं. मी शेवटपर्यंत बघितलंय. त्याला येतच नव्हती.

इकडं गुरुजींच्या कानावर गेलं की दुसरी चूल अजून पेटतेय. गुरुजी मनानं चांगले, पण नियमाच्या पुढं माणूस ठेवायचे नाहीत. म्हणाले, "येत्या बाजारापर्यंत चूल मोडा, नाहीतर झोपडी सोडा." विहिरीला नुकताच पाझर लागला होता. मला ते पाणी भरलेलं बघायचं होतं. सात पुरुष खोल उतरून फोडलेला खडक सोडून मी कुठं जाणार होतो? मी बायकोवर ओरडलो, हातही उचलला. तेवढ्यात चाचा परात घेऊन आला. माझा वर गेलेला हात बघितला आणि म्हणाला, "बस आधी." मी बसलो. हातही बसला. पुन्हा तो तिच्यावर कधी उठला नाही, एवढं शपथेवर लिहितो.

बाजाराच्या दिवशी दुपारची जेवणं झाली आणि कडुलिंबाखाली बैठक बसली. गुरुजींनी नियम वाचून दाखवला. मी मान खाली घालून बसलो. बायको स्वयंपाकघराच्या खांबाला धरून उभी होती, डोईवर पदर.

"बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?" गुरुजींनी विचारलं.

मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सांगायचं न्हाई, इचारायचं हाय. तुमच्या पंगतीत समदी सारखी ना?"

"अर्थात."

"मग चाचा कवा जेवतो?"

मी आठवायला लागलो. आमटी घेऊन फिरणारा चाचा आठवला. ताक वाढणारा आठवला. बसलेला चाचा काही आठवेना.

"माझ्या चुलीवरनं तुमचं सैपाकघर दिसतं," ती म्हणाली. "तुमी उठला की त्यो पातेल्याच्या झाकणात उरलंसुरलं घेतो आन् भिताडाला टेकून उभ्या उभ्या खातो. दीड वर्स झालं म्हनं आश्रमाला. माझी चूल दिसली तुमाला. ह्ये दिसलं न्हाई?"

चाचा कानकोंडा झाला. "अगं बेटी, चव घेत घेतच माझं पोट भरतं. सवय हाय लष्करातली..."

गुरुजी उठून आत गेले. भिंतीला सगळ्यांची ताटं टांगलेली असायची. चाचाचं ताट त्यांनी काढून आणलं. त्याच्यावर बोटभर धूळ होती. गुरुजींनी आपल्या धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. बराच वेळ पुसत होते. चाळीस माणसं रोज एकमेकांची ताटं धूत होती, आणि एक ताट उष्टंच होत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बायकोनं ते ताट त्यांच्या हातातून घेतलं. आत गेली, पातेल्यात होता तो रस्सा वाढला, दोन भाकऱ्या ठेवल्या. पंगतीच्या जागेवर जाऊन जमिनीवर पंजा आपटला. धप धप.

"बसा आधी, चाचा."

म्हातारा बसला. पण घास काही उचलेना. नुसता ताटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "येकट्याला जात न्हाई गं." तेव्हा तिनं आणखी एक ताट वाढून घेतलं आणि त्याच्या शेजारी, डाव्या हाताला, बसली. जेवली. आम्ही चाळीसजण श्वास धरून दोन माणसांचं जेवण बघत होतो.

जेवण झालं तसं चाचानं नियमाप्रमाणं तिचं ताट उचललं. तिनं धरलं.

"बाप्या माणसानं बाईचं उष्टं धुवायचं?"

"नेम हाय, बेटी. सोड."

झाली ओढाओढ. हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि ताट त्याच्या हातात गेलं. मग तीच उठली आणि त्याचं ताट घेऊन त्याच्या शेजारी धुवायला बसली. तीन दगडांची ती चूल संध्याकाळी मीच उचलून स्वयंपाकघरात नेऊन मांडली. भाकरीची चूल म्हणून. गुरुजींनी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

विहिरीला पाणी लागलं. बऱ्यापैकी लागलं. चार वर्षांनी आश्रम पांगला, पण त्या पाण्यावर आमच्यातली सहा घरं तिथंच वस्ती करून राहिली. मीही.

चाचा थकला तेव्हा त्याची लेक नगरहून न्यायला आली. बायकोनं त्याच्या ताटात भाकऱ्या बांधून दिल्या. बैलगाडी निघाली. तो मागं तोंड करून बसला होता, ताट मांडीवर. पार वळणावर गेल्यावर गाडीच्या फळीवर त्यानं पंजा आपटलेला दिसला. आवाज काही आला नाही. त्याच पावसाळ्यात तो गेल्याचं पत्र आलं. बायकोनं वाचून घेतलं आणि त्या दिवशी चाळीस माणसांपुरतं नाही, पण वस्तीला पुरेल एवढं एकेक करून मळलं.

तिच्यामाझ्या संसारात मी तिचं ताट धुतलं आणि तिनं माझं. पाव्हणे हसायचे. हसू दे. या श्रावणात ती गेली. तेव्हापासून सून मला वाढते आणि दाराशी उभी राहते. मी उठलो की मग स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी खाते. चार महिने मी आपल्याच दुःखात होतो, मला दिसलंच नाही. त्या बैठकीतल्या चाळीसजणांत मी होतो, तरी दिसलं नाही.

काल दिसलं. मी फरशीवर पंजा आपटला.

"बस आधी."

"आबा, तुमचं होऊ द्या, मग..."

"बस म्हणतो ना."

बसली. अवघडून का होईना, जेवली. तिचं ताट मी उचललं तशी धडपडत उठली.

"अवो आबा, हे काय करता? कुणी बघितलं तर?"

"बघू दे," मी म्हणालो. "माझं ताट पडलंय तिथं. ते तू धू."