गिरजाबाईंची कोरी चूल

माघ महिन्यातला पहिला सोमवार, साल १९८६. भंडारा, वैनगंगेचा घाट. हजर : गिरजाबाईंचा मुलगा मारोती, सून, वस्तीतले चार शेजारी आणि मी. दहावं आटोपलं तेव्हा मारोती म्हणाला, "मायची ते चूल तुमीच ठेवा जी बाई. आमच्या खोलीत जागा नाही."

गिरजाबाई पितळी भांड्यांच्या दुकानात चिंचेने भांडी घासायच्या. झोपडी नदीकाठी, पूर आला की पाणी आत. मी वस्तीच्या समितीची सचिव, त्यामुळे गृहनिर्माण कार्यालयातल्या खेपा माझ्याकडे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या कार्यालयाने गावाबाहेर लहान पक्की घरं बांधली. हप्ता मजुराला झेपेल असा, विधवांसाठी काही घरं राखीव, अंगणात नळ. अधिकारी वस्तीत येऊन अर्ज भरून घेत. चिठ्ठीत गिरजाबाईंचं नाव निघालं. मारोती नागपूरला मजुरी करायचा. घर झालं की बायकोला घेऊन परत यायचं, असं मायलेकांत ठरलं होतं.

अट एकच : पंधरा दिवसांच्या आत राहायला जायचं. काही जण घर घेऊन भाड्याने देत, म्हणून तपासनीस येऊन आत चूल पेटते का ते पाहायचा. किल्ली मिळाली ती नेमकी पौष लागताना. गिरजाबाईंनी मातीची नवी चूल घातली, पण झोपडीतच, गोणपाटाखाली झाकून. रोज नव्या घरी जायच्या, झाडायच्या, सडा टाकायच्या आणि कुलूप लावून परत यायच्या.

"निदान चूल तरी तिथे नेऊन ठेवा," मी म्हटलं.

"थंडी चूल? मयताच्या घरी राहते तशी? अन् पुसात पेटवली तं पोरगा टिकन का तिथं? माघ लागू द्या जी."

माघ लागण्याआधीच तपासनीस कुलूप पाहून गेला. घर रद्द झालं. मी त्यांना घेऊन कार्यालयात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. "मावशी, आमच्या घरीही पौष पाळतात. पण तुम्हाला सूट दिली, तर उद्या भाडं खाणारा प्रत्येक जण पंचांग घेऊन येईल…"

घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला गेलं. त्यांचं झोपडं तर पुरात वाहूनच गेलेलं. भांडायचं कोणाशी? गिरजाबाई त्या बाईला एवढंच म्हणाल्या, "मागच्या भिताडाले ओल हाय. पोराले तिकडं नोको निजवू."

पुढे दरवर्षी अर्ज केला. घरं थोडी, नावं फार. मारोतीची मुलं नागपूरच्या शाळेत गेली आणि त्याच्या परतण्याचा विषय निघेनासा झाला. गिरजाबाई मात्र दर दिवाळीला ती चूल पांढऱ्या मातीने सारवायच्या.

"आता कायले सारवता?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"भेगा पडते ना जी. पेटली नाही तं लवकर फुटते."

यंदा पौषातच त्या गेल्या, थंडीत, त्याच झोपडीत…

चूल आता माझ्या पडवीत आहे. डाव्या अंगाला बोटभर भेग गेली आहे. पांढरी माती आणायची आहे; अजून आणलेली नाही.