नटूभाईंच्या मेनूतलं लाल वर्तुळ

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. कॉम्प्युटरवर काम करणारी बाई मी... चूक एकतर माणसाची असते नाहीतर फाइलची, तिसरं काही नसतं, असंच मानत आले. तरीही हे लिहितेय.

डहाणूत मसोलीला एका इंजिनियरच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढते. तिथे नटूभाई नावाचे सिनियर ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी स्वतःचे मेनू बनवले होते. भिंत, जिना, पाया — प्रत्येकाला एक बटण. बटण दाबलं की त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट चालायची आणि तासाचं काम चुटकीसरशी व्हायचं. मलाही त्यांनीच शिकवलं. माझ्या नकाशात काही खटकलं की रागवायचे नाहीत, त्या जागी लाल वर्तुळ काढायचे आणि त्यांच्या गुजरातीत म्हणायचे, "बेन, जरा जोई लेजो." म्हणजे जरा बघून घ्या. गेल्या वर्षी ते हार्ट अटॅकने गेले.

यंदा नवीन सॉफ्टवेअर आलं आणि नटूभाईंचे मेनू त्यात आणायचं काम माझ्याकडे. बटणांवरच्या चित्रांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, निम्म्या स्क्रिप्ट चालेनात. एकेक दुरुस्त करत दुपारी मी 'पाया'पर्यंत पोचले. टेस्टिंगसाठी तलासरीच्या एका घराचा नकाशा उघडला. साइटवर खोदकाम चालू होतं.

बटण दाबलं. खांबांखाली पायाचे चौकोन बरोबर उमटले... आणि मागच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खांबाला खेटून, एक लाल वर्तुळ.

डिलीट केलं, परत चालवलं. परत तिथेच! दुसरा नकाशा उघडला — काही नाही. आणखी एक — तिथेही नाही. स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचली. वर्तुळ काढायची कमांडच तीत नव्हती. पुन्हा तलासरीचा नकाशा... पुन्हा वर्तुळ.

काय वाटलं कुणास ठाऊक, मी साइटवरच्या दामू मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, मागच्या कोपऱ्याचा खड्डा झाला?"

"चालूच आहे मॅडम. लहानू उतरलाय ना खाली."

"त्याला वर घ्या."

"का? काय झालं?"

काय सांगणार? "नकाशात चूक आहे. आधी त्याला वर घ्या!"

मिस्त्री हाका मारू लागले. "ए लहानू, ये वर, मॅडम बोलवतेय..." कुणीतरी हसलं. मग एक जड, दबका आवाज आणि एकदम आरडाओरडा. मी नुसती "हॅलो, हॅलो" करत राहिले. किती वेळ, ते आठवत नाही.

"मॅडम..." मिस्त्रींचा आवाज फाटला होता. "वर आलाय तो. पण खड्ड्याचा तळच गेला."

दुसऱ्या दिवशी आमच्या इंजिनियर सरांबरोबर मी साइटवर गेले. खाली दगडांनी बांधलेली जुनी विहीर होती. तोंडावर लाकडं टाकून कुणीतरी कधीकाळी वरून मातीने झाकलेली. आत वाकून पाहिलं तर तळ दिसेना. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनाही तिची माहिती नव्हती. घर तिथून सरकवायचं ठरलं.

लहानू बायकोला घेऊन आला होता. ती माझा हात धरून उभी राहिली.

"बाई, तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"आमच्या नटूभाईंनी सांगितलं." तोंडातून निघून गेलं.

"मग त्यांना घेऊन या ना एकदा. जेवायलाच या."

"येऊ," मी म्हटलं.

ऑफिसात सरांसमोर तोच नकाशा उघडून तेच बटण दाबलं. चौकोन आले, वर्तुळ आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. सर म्हणतात, फाइल करप्ट झाली असेल, जुन्या-नव्या व्हर्जनचा घोळ. असेलही. पण नटूभाई त्या गावात कधी गेले नव्हते, आणि घराचा नकाशा तर ते गेल्यानंतर मीच काढलेला... घोळ नेमका त्याच जागी कसा झाला, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.